होय, नाही आणि मधलं 0.5

जॉर्ज बूल यांचं खानदान बघा. बायकोचे सख्खे चुलते म्हणजे जगातल्या सर्वांत उंच शिखराला ज्यांचं नाव दिलं ते जॉर्ज एव्हरेस्ट. एक मुलगी अ‍ॅलिशिया, ती चार मितींतल्या आकृत्या डोक्यात फिरवायची. दुसरी मुलगी एथेल, हिच्या ‘द गॅडफ्लाय’ कादंबरीने रशियात धुमाकूळ घातला. आणि खापरपणतू जेफ्री एव्हरेस्ट हिंटन यांना 2024 चं भौतिकशास्त्राचं नोबेल.

बूल यांनी तर्काचं बीजगणित केलं. खरं म्हणजे 1, खोटं म्हणजे 0, मधलं काही नाही. हिंटन यांची उभी कारकीर्द मात्र या ‘मधल्या’त गेली. 1986 साली रुमेलहार्ट आणि विल्यम्स यांच्याबरोबर त्यांनी जी पद्धत लोकप्रिय केली, ती सांगते : चूक किती झाली ते मोजा, ती कुठल्या बाजूला कमी होते ते बघा आणि तिकडे जरासं सरका. तिथे 0.37 चालतं आणि 0.82 सुद्धा.

खापरपणजोबांचं कोडं खापरपणतूच्या पद्धतीने सोडवायला घेतलं तर काय होतं, त्याची ही गंमत.

1847 : एक वर्ष, दोन बातम्या

बूल यांचं तर्कशास्त्रावरचं पहिलं पुस्तक 1847 चं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये ऑगस्टिन कॉशी यांनी एक छोटा निबंध छापला. ग्रहताऱ्यांच्या कक्षांची समीकरणं सोडवताना जीव मेटाकुटीला येतो, तर त्यापेक्षा उताराच्या दिशेने थोडं थोडं खाली जावं, असं त्यात होतं. आज कृत्रिम बुद्धिमत्तेचा सगळा डोलारा ज्या ‘ग्रेडियंट डिसेंट’वर उभा आहे, त्याची जन्मतारीख हीच धरतात. दोन्ही कल्पना एकाच साली जगात आल्या आणि मग शंभराहून जास्त वर्षं एकमेकींकडे ढुंकूनही न बघता वाढल्या.

कोडं काय आहे?

बरेचसे होय-नाहीचे प्रश्न असतात. त्यांच्यावर अटी असतात, ‘हे किंवा ते किंवा ते नाही’ अशा धाटणीच्या. सगळ्या अटी एकदम पाळणारं एखादं उत्तर आहे का? बस, एवढंच. याला सॅट म्हणतात.

दिसतं पोरखेळासारखं. पण प्रश्न 300 असतील तर शक्यता 2 चा 300 वा घात, म्हणजे 1 वर 90 शून्यांहूनही जास्त. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंची संख्या अंदाजे 1 वर 80 शून्यं एवढी धरतात.

आणि हे कोडं आपल्या आजूबाजूला भरपूर आहे. पेपरातलं सुडोकू सॅटमध्ये मांडलं तर 729 होय-नाही होतात (81 घरं, प्रत्येकात 9 अंकांची शक्यता). फेडोरा लिनक्सवर एखादं सॉफ्टवेअर टाकलं की कुठलं पॅकेज कुणाशी जमतं हे ठरवायला आत सॅटचंच तंत्र चालतं. अमेरिकेत 2016-17 मध्ये टीव्ही वाहिन्यांच्या लहरी काढून मोबाइल कंपन्यांना विकल्या, तेव्हा उरलेल्या वाहिन्या एकमेकींवर न आदळता कुठे बसवायच्या, हे सॅट सोडवूनच ठरवत होते. त्या लिलावात 19.8 अब्ज डॉलर जमले.

नोकरीत कायम केलं नाही, तेव्हा…

स्टीफन कुक यांना बर्कलेच्या गणित विभागाने 1970 च्या सुमारास कायम केलं नाही. ते टोरांटोला गेले. 1971 मध्ये त्यांनी सिद्ध केलं की ज्याचं उत्तर पटकन तपासता येतं असं कुठलंही कोडं सॅटच्या भाषेत लिहिता येतं. म्हणजे सॅट झटपट सुटलं तर सगळीच सुटली. पुढच्याच वर्षी रिचर्ड कार्प यांनी सॅट धरून एकूण 21 प्रश्नांची याच माळेत वर्णी लावली. कुक यांना 1982 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. असं झटपट तंत्र आहे की नाही, हे सिद्ध करणाऱ्याला क्ले इन्स्टिट्यूट 2000 सालापासून दहा लाख डॉलर द्यायला बसली आहे. अजून कुणी न्यायला आलेलं नाही.

सगळ्यांना अर्धं अर्धं

आता 0-1 ची सक्ती उठवूया. ‘अ किंवा ब किंवा क’ ही अट आकड्यांत लिहायची तर तिघांची बेरीज किमान 1 हवी. मधले आकडे चालतील असं म्हटलं की हे झालं साधं लिनिअर प्रोग्रॅमिंग, आणि ते संगणक भराभर सोडवतो. मग उत्तर काय येतं?

सगळ्यांना 0.5. बेरीज दीड, अट पूर्ण! ‘अ नाही’ असेल तरी 1 उणे 0.5 म्हणजे पुन्हा 0.5. ज्या अटीत निदान दोन पर्याय आहेत अशी प्रत्येक अट या अर्ध्यावर खूश. कोडं सुटणारं असो वा न सुटणारं, उत्तर तेच. सर्वपक्षीय बैठकीतून निघावा तसा हा तोडगा, कुणाचीच तक्रार नाही आणि निर्णयही नाही. तेव्हा नुसते मधले आकडे आत घेऊन भागत नाही. त्यांना पुन्हा टोकाला ढकलणारं काहीतरी लागतं.

करमरकरांची दुसरी गोष्ट

नरेंद्र करमरकर यांची 1984 ची गोष्ट आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत आहे. आयआयटी मुंबईतून 1978 ला बाहेर पडलेला मुलगा बर्कलेला वर उल्लेख आलेल्या कार्प यांच्या हाताखाली पीएचडी करतो, बेल लॅब्समध्ये लागतो आणि लिनिअर प्रोग्रॅमिंगची नवी रीत काढतो. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर बातमी येते. डँटझिग यांची 1947 ची जुनी सिम्प्लेक्स पद्धत शक्य उत्तरांच्या हिऱ्यासारख्या आकाराच्या कडेकडेने, एका टोकावरून दुसऱ्या टोकावर जायची. करमरकर सरळ पोटातून गेले. एटी अँड टीने 1988 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं, मग सॉफ्टवेअर आणि संगणक मिळून ‘कॉर्बएक्स’ नावाची यंत्रणा 89 लाख डॉलरला विकायला काढली. गणिताच्या रीतीवर पेटंट कसलं घेता, म्हणून बराच गदारोळही झाला. मला विचाराल तर तो रास्तच होता.

दुसरी गोष्ट 1990 ची, आणि ती फारशी सांगितली जात नाही. कामथ, करमरकर, रामकृष्णन आणि ब्राझीलचे रेसेंदे या चौघांनी हीच पोटातून जाण्याची रीत सॅटवर लावली. अर्ध्या-अर्ध्याच्या तोडग्यावर त्यांचा इलाज बघा : आकडे 0 ते 1 ऐवजी उणे 1 ते अधिक 1 घ्यायचे आणि सगळ्यांच्या वर्गांची बेरीज जास्तीत जास्त करायची. मधोमध उभं राहिलात तर बेरीज शून्य, कोपऱ्यात गेलात की पुरे गुण. काठावर बसणाऱ्याला काहीच मिळत नाही. त्यांनी 100 ते 1000 चलांची (म्हणजे होय-नाहीच्या प्रश्नांची) आणि 32,000 पर्यंत अटींची शेकडो कोडी यादृच्छिक बनवून सोडवून दाखवली.

श्रीखंड की बासुंदी?

हे सगळं हवेत वाटत असेल तर एक छोटं कोडं हातानेच सोडवू. कागद-पेन्सिल घ्या.

पंगतीचा बेत ठरवायचाय. अट पहिली : श्रीखंड किंवा बासुंदी, एक तरी गोड हवं. दुसरी : दोन्ही एकदम नको. तिसरी : बासुंदी केली तर पुरी हवीच. श्रीखंडाला श, बासुंदीला ब, पुरीला प म्हणू.

प्रत्येक अटीची ‘चूक’ गुणाकाराने लिहायची. पहिली अट मोडते ती दोन्ही गोड नसतील तेव्हा, म्हणून तिची चूक (1−श)×(1−ब). दुसरीची श×ब. तिसरीची ब×(1−प). तिन्हींची बेरीज शून्य झाली की बेत ठरला.

सुरुवात सगळीकडे 0.5. प्रत्येक अटीची चूक 0.25, एकूण 0.75. आता उतार बघायचा. श थोडा वाढवला काय नि कमी केला काय, एकूण चुकीत फरक नाही. ब कमी केला तर चूक घटते, प वाढवला तरी घटते. उताराच्या निम्म्याने पाऊल टाकलं की श 0.5, ब 0.25, प 0.75. एकूण चूक 0.5625.

दुसरं पाऊल. आता बासुंदीचं पारडं हलकं झाल्यामुळे श्रीखंडाला कल मिळाला. श 0.75, ब 0.125, प 0.875. चूक 0.33 च्या आत.

तिसऱ्या पावलाला श 1 च्या पुढे आणि ब 0 च्या खाली जातो, म्हणून त्यांना वेशीवरच थांबवायचं. श 1, ब 0. चूक शून्य. श्रीखंड! पुरीचा आकडा 0.9375 वर लटकलेला आहे, पण बासुंदीच नाही म्हटल्यावर पुरी करा नाहीतर करू नका, सगळ्या अटी पाळल्या गेल्या. (श्रीखंडाबरोबर पुरी नाही म्हणजे काय, हा प्रश्न गणिताच्या कक्षेबाहेरचा.)

आता एक खोड काढा. पुरीची अट खोडून फक्त पहिल्या दोन ठेवा आणि पुन्हा 0.5 वरून निघा. श चा उतार शून्य, ब चा उतार शून्य. गणित जागचं हलत नाही. एकूण चूक 0.5, आणि तरीही खाली जायची वाट दिसत नाही. याला खोगीर बिंदू म्हणतात. श ला 0.51 करा, लगेच सुटतं. म्हणून उतारावरून चालणारी मंडळी सुरुवात कधीच नेमक्या मध्यावरून करत नाहीत, थोडं वेडंवाकडं उभं राहून करतात.

तळ कोपऱ्यातच

वरच्या गुणाकारांच्या मांडणीत एक छुपी सोय आहे. कुठल्याही चलाचा वर्ग येत नाही, त्यामुळे बाकीचे आकडे धरून ठेवले तर चूक सरळ रेषेत बदलते. सरळ रेषेचा तळ मध्ये कसा असेल? तो टोकालाच. म्हणजे आकडे मध्ये भटकले तरी शेवट 0-1 वर करता येतो. आणि मधल्या आकड्याला अर्थही आहे : 0.75 म्हणजे चारात तीन वेळा ‘होय’ येईल असं नाणं. अशी नाणी उडवली तर सरासरी किती अटी मोडतील, तीच एकूण चूक.

मग अडतं कुठे? भलत्याच कोपऱ्यात. एखाद्या कोपऱ्यात एकच अट मोडलेली असते, पण कुठलंही एक उत्तर फिरवलं की दुसरी तरी मोडते. तिथून उतारच नाही. मोठ्या कोड्यांत असे फसवे कोपरे पोत्याने असतात.

न पाळलेल्या अटीवर व्याज

यावर 2011 मध्ये ‘नेचर फिजिक्स’मध्ये एक देखणा तोडगा आला. रुमानियातल्या क्लुज इथल्या मारिया एर्चेई-रावास आणि अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाचे झोल्तान तोरोत्स्काई या दोघांचा. प्रत्येक अटीला वजन द्यायचं. अट मोडलेली आहे तोवर तिचं वजन चक्रवाढीने वाढत राहील. फसव्या कोपऱ्यात अडकलात की दुर्लक्षित अटीचा बोजा इतका वाढतो की तो कोपराच उंच होतो आणि तुम्हाला बाहेर फेकतो.

याच समीकरणांतून त्यांनी 2012 मध्ये सुडोकूसाठी भूकंपाच्या रिश्टरसारखी मोजपट्टी काढली. उत्तर सापडण्याआधी गणिताचा प्रवास किती वेळ गोंधळात भरकटतो, त्यावरून अवघडपणा ठरतो. सोपी सुडोकू 0 ते 1, मध्यम 1 ते 2, कठीण 2 ते 3. सुडोकूवेड्यांत ‘प्लॅटिनम ब्लाँड’ नावाने कुप्रसिद्ध असलेलं कोडं साधारण 3.6 वर पोहोचलं. मला हे फार आवडतं, कारण अवघडपणा इथे सोडवणाऱ्याच्या कपाळावरच्या आठ्यांवरून मोजलेला नाही, समीकरणांच्या वागण्यावरून मोजलेला आहे.

मग दहा लाख डॉलर त्यांना का नाहीत? कारण वजनं अफाट वाढतात. कागदावरचा वेळ वाचतो, पण खऱ्या यंत्रात ती वजनं सांभाळायला तेवढीच अफाट ऊर्जा किंवा तेवढीच बारीक आकडेमोड लागते. बिल चुकत नाही, फक्त दुसऱ्या खिडकीवर भरावं लागतं.

4.267

तीन-तीन पर्यायांच्या अटी यादृच्छिक लिहीत जा. दर चलामागे अटी 4.267 पेक्षा बऱ्याच कमी असतील तर कोडं बहुधा सुटतं, बऱ्याच जास्त असतील तर बहुधा सुटतच नाही. 100 चलांना साधारण 427 अटी ही सीमारेषा, आणि सगळ्यांत छळणारी कोडी नेमकी तिच्या आसपास. हा पदार्थाच्या अवस्थाबदलासारखा प्रकार असल्याने भौतिकवाले इकडे धावले. मेझार, पारिसी आणि झेक्किना यांनी 2002 मध्ये या सीमेच्या अगदी जवळची प्रचंड कोडी सोडवणारी रीत दिली. तिच्यात अटी आणि चलं एकमेकांना निरोप पाठवतात, आणि निरोप होय-नाहीचे नसून 0 ते 1 मधल्या आकड्यांचे असतात. पारिसी यांना 2021 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अव्यवस्थित पदार्थांवरच्या कामासाठी. त्याच कामातून हे आलं.

नाणं उडवा, 87.5 टक्के मिळवा

प्रत्येक अटीत तीन वेगळे पर्याय असतील तर नुसतं नाणं उडवून सरासरी आठातल्या सात अटी पाळल्या जातात, कारण तिन्ही चुकण्याची शक्यता एक अष्टमांश. डोकं लावून यापेक्षा चांगली हमी देता येईल? स्वीडनच्या योहान होस्टाड यांनी सिद्ध केलं की, नाही. सॅट झटपट सुटत नसेल तर आठात सातच्या वरची हमी कुठलीही झटपट रीत देऊ शकत नाही.

दोन-दोन पर्यायांच्या अटींत मात्र सलग, म्हणजे मधले आकडे चालणाऱ्या, गणिताने बाजी मारली. गोमन्स आणि विल्यमसन यांनी 1995 मध्ये प्रत्येक होय-नाहीचा एक बाण केला, अनेक मितींत हवा तिकडे रोखलेला. मग वाटेल तसा एक काप मारला : या बाजूचे होय, त्या बाजूचे नाही. हमी 75 टक्क्यांवरून 87.8 वर गेली.

फूरियेची करामत

‘या वीस जणांपैकी विषम संख्येने होय म्हणावं’ ही अट नेहमीच्या ‘किंवा’वाल्या भाषेत, जादा चलं न घेता लिहायची तर 5,24,288 अटी होतात. आकडे उणे 1 ते अधिक 1 घेतले तर हीच अट म्हणजे वीस आकड्यांचा एक गुणाकार. राइस विद्यापीठातल्या किरिलिडिस, श्रीवास्तव, वार्डी आणि झांग यांनी 2020 मध्ये याच कल्पनेवर ‘फूरियेसॅट’ बांधला. फूरिये म्हणजे नेपोलियनबरोबर इजिप्तला गेलेले तेच.

पण वीस आकडे प्रत्येकी 0.5 असतील तर गुणाकार दहा लाखांत एकाहूनही कमी. उतार जवळपास सपाट. लिहायला सोपी झालेली अट चालायला अवघड होऊन बसते.

नियम न सांगता सुडोकू

2019 मध्ये ‘सॅटनेट’ नावाचा न्यूरल नेटवर्कचा थर आला. त्याला सुडोकूचे नियम सांगितलेच नव्हते, नुसती सोडवलेली कोडी दाखवली. नव्या कोड्यांत त्याने 98.3 टक्के बरोबर सोडवली. हाताने लिहिलेल्या अंकांच्या चित्रांवरूनही तो सोडवतो असंही त्याच निबंधात दाखवलं होतं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवून दिलं की चित्रांच्या प्रयोगात उत्तरं मागच्या दाराने आत गळत होती. ती गळती बुजवली आणि चित्रांवरची करामत पार कोसळली. आकड्यांवरची मात्र टिकली.

‘नाही’ म्हणायला 200 टेराबाइट

उतारावरून चालणाऱ्या पद्धतींची खरी गोची इथे आहे. उत्तर सापडलं तर ती दाखवतात. सापडलं नाही तर उत्तर नाहीच, की आपणच भलत्या कोपऱ्यात आहोत, हे त्या सांगू शकत नाहीत.

2016 चं उदाहरण घ्या. 1 पासूनचे आकडे दोन रंगांत रंगवायचे, पण 3-4-5 सारखं पायथागोरसचं कुठलंच त्रिकूट एकरंगी होता कामा नये. 7,824 पर्यंत जमतं, 7,825 पर्यंत जमत नाही. ‘जमत नाही’ हे हॉयले, कुलमन आणि मारेक यांनी टेक्सासच्या महासंगणकावर 800 कोअर साधारण दोन दिवस चालवून सिद्ध केलं. पुरावा 200 टेराबाइटचा. बक्षीस? रोनाल्ड ग्रॅहम यांनी पूर्वी लावलेले 100 डॉलर. हे काम जुन्या वळणाच्या, एक एक शक्यता कापत आणि चुकांतून नवे नियम शिकत जाणाऱ्या पद्धतीचं होतं.

मग जिंकतं कोण?

2002 पासून चाललेल्या सॅट स्पर्धेच्या मुख्य गटात आजही त्या जुन्या वळणाच्याच पद्धतींचा दबदबा आहे. चिपची तपासणी किंवा सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं अशा कारखानी कामात उतारवाले त्यांच्या जवळपासही नाहीत. विषम-समच्या अटी, ‘इतक्यांपैकी निदान इतके’ अशा अटी आणि ग्राफिक्स कार्डावर हजारो सुरुवाती एकदम चालवणं, ही उतारवाल्यांची बलस्थानं. तेव्हा ऑफिसचं वेळापत्रक खरंच बसवायचं असेल तर मिनीसॅट किंवा किसॅट उतरवून घ्या, दोन्ही फुकट मिळतात. आणि रविवारचं सुडोकू नुसत्या उतारावरून सोडवायची हौस असेल तर 729 आकडे मांडा, पायथॉन उघडा आणि सुरुवात 0.5 वरून करू नका.